मांजराचे बोलणे : समज, गैरसमज आणि सावधगिरी

ज्या घरात धान्याची कणगी आहे त्या घरी उंदीर आहेत, आणि जेथे उंदीर आहेत तेथे आज ना उद्या मांजर येणारच, हा आपल्या ग्रामजीवनातील नित्याचा अनुभव आहे. गाईबैलांप्रमाणे मांजराला गोठा नाही. कुत्र्याप्रमाणे राखणदारीचे काम त्याच्यावर कोणी सोपविलेले नाही. तरीदेखील स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून चुलीच्या उबेपर्यंत येण्याचा अधिकार या छोट्या शिकारी प्राण्याने मिळविला आहे. मुलांनी त्याला ‘मनीमाऊ’ म्हणावे, वडीलधाऱ्यांनी ‘वाघाची मावशी’ म्हणून त्याचे कौतुक करावे आणि लाचार माणसाला ‘ताटाखालचे मांजर’ म्हणून हिणवावे, इतके ते आपल्या घरात आणि भाषेत मुरलेले आहे.

इतक्या निकटच्या या प्राण्याच्या आवाजाविषयी मात्र आपण फारसे जिज्ञासू नसतो. दिवसा त्याने ‘म्यांव’ केले की ते भुकेले आहे असे आपण समजतो. रात्री ते ओरडू लागले की कोणी अपशकुन मानतो, कोणी चप्पल भिरकावतो, तर कोणी दुसऱ्या दिवशी त्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतो. त्या आवाजात काही अर्थ असेल, कदाचित एखादी तक्रार असेल, हा विचार क्वचितच केला जातो.

प्रस्तुत लेखकाकडूनही ही चूक घडली आहे. काही वर्षांपूर्वी शासकीय निवासस्थानात राहत असताना घरी एक तांबूस बोका होता. एके रात्री तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात वारंवार जाऊन बसू लागला आणि खोल, लांबलेल्या स्वरात ओरडू लागला. बोक्यांचे ते दिवसच असतात, असे शेजाऱ्यांनी सांगितले. दुसऱ्या रात्री घरातील मंडळींची झोपमोड होऊ नये म्हणून त्याला दाराबाहेर ठेवण्यात आले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पायरीवर निपचित पडलेला आढळला. पशुवैद्यकांनी पोट चाचपून पाहिले तेव्हा मूत्राशय दगडासारखे टणक झाले होते. मूत्रमार्ग बंद झाला होता आणि उपचाराची वेळ टळून गेली होती. “दोन दिवस तो हेच सांगत होता,” एवढेच ते म्हणाले. त्या एका वाक्यामुळे या विषयाकडे लक्ष गेले. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि विस्तार कार्यकर्ते यांचा गावातील प्रत्येक घराशी संबंध येत असल्याने ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे उपयुक्त ठरेल असे वाटते.

आवाजांचे तीन गट

मांजराच्या आवाजांचे पद्धतशीर वर्गीकरण करण्याचा एक पायाभूत प्रयत्न अमेरिकेतील मिल्ड्रेड मोल्क या संशोधिकेने केला. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी मांजराचे सोळा निरनिराळे आवाज नोंदविले आणि आवाज काढताना तोंडाची स्थिती कशी असते यावरून त्यांचे तीन गट पाडले. ही विभागणी साधी आहे आणि कोणत्याही उपकरणाशिवाय कोणालाही पडताळून पाहता येते.

पहिल्या गटातील आवाज तोंड मिटलेले असताना निघतात. मांडीवर बसलेल्या मांजराची संथ घुरघुर, तसेच शेपटी उभी करून जवळ येताना ते काढते तो ‘म्र्रूं’ असा चढता, कंप पावणारा स्वर या गटात मोडतो. भाटी आपल्या पिलांना याच स्वरात बोलाविते. मांजराने तो स्वर माणसाकडे पाहून काढला तर तो स्नेहाचा आणि स्वागताचा समजावा.

दुसऱ्या गटातील आवाज तोंड उघडून मग हळूहळू मिटताना निघतात. ‘म्यांव’ हा त्यांतील प्रमुख होय. आपल्या भाषेतील ‘म्यांव’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहिला तर ‘म’ला ओठ मिटलेले असतात, ‘यां’ला ते उघडतात आणि ‘व’ला पुन्हा जवळ येतात, असे दिसून येईल. ज्या कोणी पूर्वजांनी हा शब्द घडविला त्यांचे निरीक्षण अचूक होते यात शंका नाही.

तिसऱ्या गटातील आवाज तोंड ताणून उघडे ठेवलेले असताना निघतात. गुरगुरणे, फिसकारणे, भांडणातील आरोळी आणि वेदनेची किंकाळी हे या गटातील आवाज होत. भय, क्रोध किंवा यातना यांचे ते निदर्शक असतात. मांजराने कान मागे पाडले आहेत, अंगावरचे केस उभे केले आहेत आणि ते फिसकारत आहे, अशा वेळी त्याला उचलण्याचा प्रयत्न करू नये. ‘दूर राहा’ एवढाच त्या आवाजाचा अर्थ असतो आणि तो न जुमानणाऱ्याच्या हातावर ओरखडे उमटतात.

‘म्यांव’ : माणसासाठी घडलेला आवाज

मांजराचे ‘म्यांव’ मुख्यतः माणसाला उद्देशून असते, ही गोष्ट अनेकांना नवलाची वाटेल. पिले आईला हाक मारण्यासाठी ओरडतात. थंडी वाजली, एकटे पडले किंवा अंगाखाली दबले गेले की त्यांच्या ओरडण्यात फरक पडतो आणि आई त्या हाकेला धावून येते. परंतु पिले मोठी झाल्यावर मांजरे आपसांत म्यांव करणे जवळजवळ सोडून देतात. एकमेकांशी त्यांचा व्यवहार मुख्यतः गंधाने, शेपटीच्या आणि कानांच्या हालचालींनी चालतो. माणसाच्या सहवासात राहणारी मांजरे मात्र बालपणीची ही हाक आयुष्यभर जपतात. माणूस गंधाची भाषा जाणत नाही, आवाजाला मात्र तो प्रतिसाद देतो, हे अनुभवाने त्यांच्या ध्यानात आलेले असते.

पाळीव मांजराचे मूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजराच्या एका जातीत आहे. शेतीचा आरंभ झाल्यानंतर धान्याच्या साठ्यांभोवती उंदीर जमले आणि उंदरांमागे ही मांजरे मनुष्यवस्तीत आली, असे मानले जाते. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. या दीर्घ सहवासाचा आवाजावरही परिणाम झालेला दिसतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील निकोलस निकास्ट्रो यांनी पाळीव मांजरांच्या आणि त्यांच्या आफ्रिकी रानटी भाऊबंदांच्या आवाजांची तुलना करून २००४ साली निष्कर्ष मांडले. पाळीव मांजराचे म्यांव तुलनेने आखूड आणि उंच स्वराचे असते, तसेच माणसाच्या कानाला ते अधिक सुखद वाटते, असे त्यांना आढळून आले.

मात्र प्रत्येक म्यांवला ठरावीक अर्थ आहे असे समजणे चुकीचे ठरेल. याच संशोधकाने एका सहकाऱ्यासमवेत २००३ साली केलेल्या प्रयोगात निरनिराळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलेले म्यांव लोकांना ऐकविले आणि मांजर कोणत्या प्रसंगी ओरडले असावे हे ओळखण्यास सांगितले. लोकांची उत्तरे निव्वळ अंदाजापेक्षा थोडीच सरस ठरली. मांजरांचा अनुभव असलेल्यांना ती काहीशी अधिक चांगली देता आली. यावरून असे म्हणता येईल, की मांजर आणि त्याच्या घरची माणसे यांची एक स्वतंत्र बोली तयार होते. दार उघडण्यासाठी एक स्वर, दुधासाठी दुसरा, असे संकेत त्या त्या घरापुरते ठरून जातात. स्वरांच्या चढउताराला मात्र काही सर्वसाधारण अर्थ असावा असे दिसते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात सुझान शोट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी याविषयी अभ्यास केला आहे. अन्नाची अपेक्षा असताना मांजराचा स्वर अखेरीस चढत जातो आणि दवाखान्यात नेले असता तो उतरत जातो, अशी प्रवृत्ती त्यांना आढळली.

मांजरही आपला आवाज ओळखते. जपानमधील संशोधक आत्सुको साइतो यांच्या अभ्यासांतून हे स्पष्ट झाले आहे. अनोळखी माणसांच्या आवाजानंतर मालकाचा आवाज ऐकविला असता मांजरे कान वा मान वळवून तो ओळखल्याची खूण देतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. तशाच उच्चाराच्या इतर शब्दांतून त्यांना स्वतःचे नाव वेगळे काढता येते, असे २०१९ सालच्या अभ्यासावरून दिसून आले. हाक मारल्यावर मांजर उठून आले नाही तरी त्याने ती ऐकलेली असते, हा घरोघरचा समज त्यामुळे खरा ठरला आहे.

घुरघुर आणि गुरगुर

मराठीत या दोन शब्दांत एका अक्षराचेच अंतर आहे, आणि पुष्कळ जण दोन्ही एकाच अर्थाने वापरतात. मांजराच्या लेखी मात्र त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. गुरगुर ही धमकी होय. घुरघुर हा मिटल्या तोंडाने, श्वास घेताना आणि सोडताना अखंड चालणारा मंद ध्वनी होय. त्याची कंपने सेकंदाला साधारणतः २५ ते ३० असतात. इतक्या लहान प्राण्याच्या कंठातून इतका खालचा स्वर कसा निघतो हा शास्त्रज्ञांपुढील जुना प्रश्न होता. कंठातील स्नायू मेंदूच्या आदेशाने क्षणोक्षणी आकुंचन पावतात आणि त्यामुळे हा ध्वनी उमटतो, असे स्पष्टीकरण १९७२ साली पुढे आले आणि ते दीर्घकाळ मान्य होते. २०२३ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना विद्यापीठातील ख्रिस्तियान हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. आजाराने मरण पावलेल्या आठ मांजरांचे कंठ घेऊन त्यांतून उबदार, दमट हवा सोडली असता स्नायूंच्या मदतीशिवायही तसाच खालचा स्वर निघाला. मांजराच्या स्वरतंतूंमध्ये गादीसारखे ऊतक असते. त्यामुळे ते जड होऊन सावकाश कंप पावतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

घुरघुरणारे मांजर सुखात असते हा समज बहुतांशी बरोबर आहे, परंतु नेहमीच नाही. जखमी, व्यालेले, भ्यालेले आणि प्रसंगी मरणासन्न मांजरही घुरघुरते. स्वतःला धीर देण्याचा तो एक मार्ग असावा असे जाणकारांचे मत आहे. म्हणून अन्न न घेणारे, कोपऱ्यात दबून बसलेले मांजर केवळ घुरघुरते आहे एवढ्यावरून ते ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये.

या घुरघुरीचा आणखी एक प्रकार मोठा मनोरंजक आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील कॅरन मॅकॉम्ब यांच्या घरचे मांजर पहाटे विशिष्ट प्रकारे घुरघुरून त्यांना उठवीत असे. त्यावरून त्यांनी संशोधन केले आणि ते २००९ साली प्रसिद्ध झाले. अन्न मागताना काही मांजरे नेहमीच्या खालच्या स्वरात एक उंच, रडवेला स्वर मिसळतात असे त्यांना आढळले. त्याची कंपनसंख्या तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या जवळपास जाते. कधी मांजर न पाळलेल्या माणसांनाही हा आवाज अधिक निकडीचा आणि कमी सुखद वाटला. तान्हे मूल रडू लागले की माणसाला स्वस्थ बसवत नाही, आणि नेमका याच गोष्टीचा लाभ मांजराला मिळतो.

रात्रीचा आक्रोश आणि अपशकुनाची समजूत

मध्यरात्री घराच्या कौलांवरून किंवा बोळातून येणारा, चढत-उतरत जाणारा लांबलचक आवाज थेट लहान मूल रडल्यासारखा वाटतो. त्यामुळे ‘मांजर रडले म्हणजे घरात काहीतरी वाईट घडणार’ अशी समजूत रूढ झाली. प्रत्यक्षात या आवाजाची कारणे अगदी साधी आहेत. दोन बोके हद्दीवरून समोरासमोर उभे ठाकले की कितीतरी वेळ एकमेकांवर असे ओरडत राहतात. आवाजानेच एकाने माघार घेतली तर रक्तपात टळतो. दुसरे कारण म्हणजे माजावर आलेली भाटी. ती बोक्यांना बोलाविण्यासाठी दिवसरात्र ओरडते, जमिनीवर लोळते, अन्नाकडे दुर्लक्ष करते. नवख्या माणसाला तिला तीव्र वेदना होत आहेत असेच वाटते. समागमाच्या अखेरीस ती मोठी किंकाळीही फोडते. माज साधारणतः आठवडाभर टिकतो, आणि गर्भधारणा न झाल्यास दोनतीन आठवड्यांनी पुन्हा येतो. गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा असल्याने एकच भाटी वर्षातून एकाहून अधिक वेळा विते. गावात मांजरांची संख्या आणि रात्रीचा गोंगाट एकदमच का वाढतो याचे उत्तर यात आहे.

यावर उपाय चप्पल अथवा काठी हा नव्हे. पशुवैद्यकाकडून नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतल्यास भाटीचे माजावरचे ओरडणे थांबते, बोक्यांची भांडणे आणि भटकणे पुष्कळ कमी होते, आणि नको असलेली पिले उघड्यावर टाकण्याची वेळ येत नाही. ज्या आवाजाला आपण अशुभ मानतो तो निसर्गक्रमाचा भाग आहे, हे एकदा पटले की भीतीचे कारण उरत नाही.

आणखी काही विलक्षण आवाज

खिडकीत बसलेले मांजर बाहेरच्या चिमणीकडे किंवा भिंतीवरच्या पालीकडे टक लावून पाहत असताना त्याचा जबडा थरथरतो आणि ‘कच्-कच्-कच्’ असा आवाज येतो. हा आजार नव्हे. शिकार दिसते आहे पण हाती लागत नाही, या उत्तेजनेतून तो येतो असे काही अभ्यासक मानतात, तर काही जण त्यात सावजाच्या आवाजाची नक्कल पाहतात. ब्राझीलच्या जंगलातील मार्गे नावाचे रानमांजर लहान माकडांच्या पिलांसारखा आवाज काढून माकडांना जवळ ओढत असल्याचे निरीक्षण २०१० साली जाहीर झाले. त्यामुळे नक्कलीच्या कल्पनेला काहीसा आधार मिळाला आहे.

कधी मांजर आपल्याकडे पाहून तोंड उघडते, पण आवाज येत नाही. येथे श्रवणशक्तीतील फरक ध्यानात घ्यावयास हवा. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. मांजराची मर्यादा सुमारे ८५,००० कंपनांपर्यंत जाते. उंदरांच्या पिलांची आपल्याला न ऐकू येणारी चिवचिव त्याला स्पष्ट ऐकू येते. मांजर रिकाम्या भिंतीकडे पाहून ‘भुताला’ कान देत नसते. भिंतीच्या पोकळीत उंदीर असण्याचा संभव अधिक!

जातीपरत्वेही आवाज बदलतो. सयामी जातीची मांजरे बोलकी आणि कर्कश म्हणून प्रसिद्ध आहेत. शुभ्र पांढऱ्या आणि निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपणाचे प्रमाण मोठे असते. चार्ल्स डार्विन यांनीही या गोष्टीचा उल्लेख केला आहे. बहिऱ्या मांजराला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते पुष्कळदा अतिशय मोठ्याने ओरडते. त्याला हट्टी समजून शिक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

आजाराची हाक

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. मांजर स्वभावतः दुखणे लपविणारे आहे. म्हणून नेहमीच्या आवाजात अचानक पडलेला फरक हा पुष्कळदा आजाराचा पहिला आणि एकमेव इशारा असतो. पुढील लक्षणांकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिले लक्षण, लघवीस बसताना ओरडणे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने खडे किंवा चिकट द्रव्य अडकून तो बंद होऊ शकतो. बोका वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो, लघवीची जागा चाटत राहतो, पण लघवी होत नाही किंवा थेंबथेंब होते. बद्धकोष्ठ समजून लोक एरंडेल पाजतात आणि मोलाचा वेळ जातो. एकदोन दिवसांत हा विकार प्राणघातक ठरू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. वेळीच नळी घालून मार्ग मोकळा केल्यास प्राण वाचतात.

दुसरे लक्षण, म्हाताऱ्या मांजराचे रात्री घरभर फिरत ओरडणे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा अतिरेकी स्राव, वाढलेला रक्तदाब, मंदावलेली दृष्टी व श्रवण किंवा वार्धक्यातील स्मृतिभ्रंश ही त्याची कारणे असू शकतात. भूक वाढूनही मांजर वाळत चालले असेल तर थायरॉइडची शंका घ्यावी. यांतील काही विकारांवर उपचार होऊ शकतो.

तिसरे लक्षण, आवाज बसणे आणि श्वासाचा आवाज येणे. शिंका, नाकाडोळ्यांतून पाणी आणि घोगरा आवाज ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची चिन्हे होत. मांजर तोंड उघडे टाकून धापा टाकत असेल तर ती आणीबाणीची अवस्था समजावी.

चौथे लक्षण सर्वांत गंभीर आहे. माणसाळलेले मांजर एकाएकी आक्रमक झाले किंवा विचित्र गुंगीत दिसू लागले, त्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईनासे झाले, तर पिसाळल्याची शंका घेतली पाहिजे. आपल्या देशात रेबीज मुख्यतः कुत्र्यापासून होतो, परंतु तो मांजरापासूनही होऊ शकतो. अशा मांजराला हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. कोणत्याही मांजराने चावा घेतल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. तीवर हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने लसीची मात्रा सुरू करावी व ती पूर्ण करावी. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो, हे विसरून चालणार नाही.

येथे आणखी एक सूचना आवश्यक वाटते. माणसाची औषधे मांजराला कधीही देऊ नयेत. ताप-अंगदुखीसाठी आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामोलची गोळी मांजराला विष आहे.

घरी काय करावे

मांजर नेहमीपेक्षा वेगळे ओरडू लागले की स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. ते केव्हा ओरडते? कोठे बसून ओरडते? त्या वेळी त्याचे कान, शेपटी आणि पाठ कशी आहे? त्याने अन्नपाणी घेतले का? त्याला लघवी-शौच नीट झाली का? या पाच उत्तरांवरून भूक, भीती, माज आणि आजार यांतील फरक बहुधा कळून येतो, आणि पशुवैद्यकालाही त्यांचा मोठा उपयोग होतो.

आजार नाही अशी खात्री झाल्यावर उरते ती सवय. पहाटे चार वाजता ओरडल्यावर दूध मिळते हे मांजराला एकदा समजले की ते रोज चारला ओरडणार. अशा वेळी मारल्याने ते भित्रे होते, शहाणे होत नाही. त्याऐवजी खाण्याच्या वेळा ठरवून द्याव्यात, ओरडत असताना देण्याऐवजी ते शांत असताना द्यावे आणि झोपण्यापूर्वी त्याला थोडे खेळवावे. काही दिवस सर्वांनी मिळून हा नियम पाळला तर सवय मोडते. एकाने रागवायचे आणि दुसऱ्याने गुपचूप बशी पुढे करायची, असे मात्र होता कामा नये.

शाळा आणि ग्रामपंचायत

शिक्षकांना या विषयाचा वर्गात चांगला उपयोग करून घेता येईल. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांनी आठवडाभर घरच्या किंवा शेजारच्या मांजराच्या आवाजांची नोंद ठेवावी. वेळ, जागा, तोंड मिटलेले की उघडे, आणि त्यानंतर काय घडले, असे चार रकाने पुरेत. मांजराला न छेडता, लांबून पाहायचे ही अट असावी. निरीक्षण, नोंद आणि अनुमान यांचे शिक्षण तर यातून मिळेलच, शिवाय ‘मांजर रडणे अशुभ’ ही समजूत मुले स्वतःच तपासून पाहतील.

ग्रामपंचायतीपुढे भटक्या मांजरांच्या तक्रारी येतात तेव्हा ती पकडून दुसऱ्या गावच्या हद्दीत सोडावीत, अशी सूचना हमखास पुढे येते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, वाजवी कारणाशिवाय एखाद्या प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा अपराध आहे, हे सदस्यांनी लक्षात घ्यावे. शिवाय मोकळ्या झालेल्या जागी शेजारची मांजरे येतात आणि तक्रार कायम राहते. त्यापेक्षा तालुक्यातील पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करून नसबंदी आणि रेबीज प्रतिबंधक लसीकरण यांची व्यवस्था करणे हा टिकाऊ मार्ग होय. रास्त भावाच्या दुकानातील धान्य, शाळेचा पोषण आहाराचा साठा आणि शेतकऱ्याची कणगी यांभोवती उंदरांचा उपद्रव असतोच. तेथे एखादे निरोगी, लस टोचलेले मांजर असणे गावाच्या हिताचेच आहे.

मुक्या जनावरांविषयी बोलताना आपण ‘बिचाऱ्याला बोलता येत नाही’ असे सहज म्हणून जातो. मांजराच्या बाबतीत तरी ते खरे नाही. आज रात्री एखादे मांजर वेगळ्या आवाजात ओरडू लागले तर दार लावून घेण्यापूर्वी क्षणभर दिवा लावावा आणि ते कोठे बसले आहे, काय करते आहे हे पाहावे. लेखकाच्या घरी तेवढेच करावयाचे राहून गेले.